जुनी लाल बोर्दो: मार्क वाईनला द्यायचे की तिच्या वयाला?

गोदाकाठी

धागा काढायचं कारण म्हणजे भांडण. शातो तालबो १९९६ उघडली, चौघांनी प्यायली आणि १०० पैकी मार्क ८४ पासून ९३ पर्यंत आले. पाच-सहा मार्कांचा फरक मी समजू शकतो, नऊ म्हणजे चौघं वेगवेगळी बाटली प्यायलो काय? आता तुम्हीच निवाडा करा. (हो, संभाजीनगर आणि वाईन असं एका वाक्यात म्हटलं की लोक हसतात, आपलं गाव वाळूज-चिकलठाण्याच्या बिअरचं, पण असते एखाद्याला हौस.)

माहिती नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. तालबो म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागात नदीच्या डाव्या काठावरचं, सां-जुलियाँ गावचं शातो, म्हणजे स्वतःची बाग असलेलं वाईनचं घराणं. १८५५ च्या यादीत चौथ्या श्रेणीत. ती यादी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी बाजारभाव बघून लावली होती, लाल वाईनच्या पाच श्रेण्या, आणि त्यानंतर गाजलेला बदल एकच, १९७३ साली मूतों रोथशिल्ड नावाचं शातो दुसरीतून पहिलीत गेलं. म्हणजे श्रेणीवरून घराणं कळतं, पोरगं कसं निघालंय ते कळत नाही. नाव पडलं जॉन टॅलबटवरून असं सांगतात, हा इंग्रजांचा सेनापती, १४५३ ला कास्तियोंच्या लढाईत मेला आणि इंग्रजांचं तिथलं तीनशे वर्षांचं राज्य संपलं. १९९६ हे उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला मेदोकमध्ये, म्हणजे ह्याच डाव्या काठावर, चांगलं गेलेलं साल, उजव्या काठावरच्या मेर्लो द्राक्षाला तेवढं नाही.

बाटली मावसभावाने नेदरलँड्सहून आणली, २ लिटरच्या सवलतीत बसवून. इथं विकत घ्यायची म्हटलं तर वर्षानुवर्षं कस्टम ड्युटीच १५० टक्के, ती कोण भरणार. आल्यावर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी, उघडायच्या आदल्या दिवशी उभी केली म्हणजे गाळ खाली बसावा. बूच काढायला दोन पात्यांचा ओपनर वापरला, साध्या स्क्रूने इतकं जुनं बूच भुगा होऊन आत पडतं. मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरून हळूहळू काचेच्या जगमध्ये ओतली, गाळ मानेशी आला की थांबलो.

रंग: मध्यभागी गडद लाल, कडेला विटकरी, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर काठाला चांगला रुंद नारिंगी पट्टा.
वास: आधी काहीच नाही, बंद. मग पाचेक मिनिटात उघडली. पेन्सिल तासल्यावर शार्पनरमध्ये जे उरतं ते, तंबाखूचा सुका पाला, सुकं अंजीर, थोडं कातडं, आणि मागे कुठेतरी सिमला मिरचीची हिरवी झाक. फळ आहे पण ताजं नाही, जांभूळ उन्हात सुकवलं तर काय होईल तसं काहीतरी.
तोंडात: आंबटपणा अजून टणक. तुरटपणा बारीक झालाय पण गेलेला नाही, हिरड्यांना लागतो. गिळल्यावर चव बराच वेळ राहते, फक्त शेवटी शेवटी जरा कोरडी पडते.

मी ९०. ज्याने ८४ दिले तो म्हणतो फळ संपलंय, तुम्ही म्हातारीच्या पाया पडताय. ९३ वाला म्हणतो तीस वर्षं टिकली हेच केवढं मोठं. माझं दोघांशीही जमत नाहीये.

बिनपाण्याचा_लातूरकर

काय चाललंय राव. इथं टँकरची वाट बघूलालाव आन् तुमी तीस वर्साच्या दारूत पेन्सिलीचा वास हुडकूलालाव. फोटू तरी टाका.

खुलताबादी

+१ फोटू. आणि नारिंगी पट्टा म्हणजे खराब झाली नाही का? लोखंड गंजतं तसं?

तळघर

नाही, पट्टा म्हणजे वय. तरुण लाल वाईनची कड जांभळी असते, ती लाल होते, मग विटकरी, मग तपकिरी. लाल वाईनमधले रंगद्रव्य आणि टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) एकमेकांना चिकटत जातात, साखळ्या लांब होतात, एका मर्यादेनंतर तळाशी बसतात. तो तुमचा गाळ. म्हणून जुन्या वाईनचा रंगही फिका होतो आणि तुरटपणाही मऊ होतो, दोन्ही एकाच घडामोडीतून. कड विटकरी आणि मध्य अजून लाल, तर काळजी नाही. मध्यसुद्धा तपकिरी झाला आणि वासात कापून ठेवलेलं सफरचंद आलं, तर हवा लागली म्हणायचं.

आता मूळ प्रश्न. मी नांदेडचा, नोकरीला पुण्यात, वाईनच्या परीक्षा दिल्यात, पण सगळ्यात जास्त शिकलो ते दुसऱ्यांच्या बाटल्या बिघडलेल्या बघून. गोदाकाठी दादा, तुमच्या टिपणात वासांची यादी भारी आहे पण मार्क वासांच्या यादीला नसतात. अंजीर आलं म्हणून एक, कातडं आलं म्हणून एक, असं करत गेलं तर ज्याचा शब्दसंग्रह मोठा त्याची वाईन चांगली ठरते.

जुन्या वाईनला मी आधी सांगाड्याचे प्रश्न विचारतो. आंबटपणा आहे का? टॅनिन कसलं आहे, मऊ झालंय का नुसतं कोरडं उरलंय? अल्कोहोल वेगळं टोचतंय का (त्या काळची बोर्दो साडेबारा टक्क्यांच्या आसपास असायची, आता साडेतेरा-चौदा सहज दिसतं, त्यामुळे जुनीत हा त्रास कमी)? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या सांगाड्यावर अजून मांस आहे का? जुन्या बोर्दोत नेहमीची शोकांतिका ही की फळ आधी जातं आणि टॅनिन मागे राहतं. तुम्ही लिहिलंय "शेवटी जरा कोरडी पडते". ते एक वाक्य तुमच्या सगळ्या अंजीर-तंबाखूपेक्षा जास्त सांगतं. ती उताराला लागली आहे, अजून पडलेली नाही.

दोन गोष्टी सांगा. उघडायच्या आधी बाटलीत वाईनची पातळी कुठे होती? आणि काढल्यावर बूच किती भिजलेलं होतं?

गोदाकाठी

पातळी मान संपून खांदा सुरू होतो तिथे. बूच अर्ध्यापर्यंत काळं-लाल, वरचा अर्धा कोरडा. कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं आवरण, बोटाने फिरत होती.

तळघर

मग बाटली नीट ठेवलेली होती. तीस वर्षात पातळी खांद्याच्या वरच्या टोकाला येणं अगदी नॉर्मल, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असती तर मी घाबरलो असतो. कॅप्सूल फिरते म्हणजे खाली वाईन झिरपून चिकटलेली नाही, हेही चांगलं लक्षण. बूच टोकापर्यंत भिजलेलं आणि वरून चिकट म्हणजे कधीतरी उन्हात किंवा गरम गोदामात राहिली, आतली वाईन फुगून बाहेर आली. लिलावात जुन्या बाटल्यांचे भाव ह्या पातळीवर ठरतात, साल आणि नाव तेच असलं तरी.

डोंगरकिन्ही

हे वाचून पोटात गोळा आला. बीडला घरी माळ्यावर एक फ्रेंच रेड आहे, लग्नात कोणीतरी दिलेली, "जितकी जुनी तितकी चांगली" म्हणून जपून ठेवली. वरती पत्रा नाही पण स्लॅब तापतो. अशा किती दिवस टिकते?

तळघर

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका पण टिकवायची वाईन १२ ते १४ अंशाला, अंधारात, हलवाहलव न करता आडवी ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३, स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, डिसेंबरात पहाटे दहा-बारा. नुसत्या उष्णतेपेक्षा हे वरखाली होणं जास्त मारतं, प्रत्येक उन्हाळ्यात वाईन फुगून बुचाला ढकलते, हिवाळ्यात आकसून हवा आत ओढते. चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी गोड-जड होते आणि मग सपाट. आणि दुसरी गोष्ट, जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षात प्यायलाच बनवलेली असते. "जितकी जुनी तितकी" हे मोजक्या बाटल्यांना लागू. ह्या रविवारी उघडा. चांगली निघाली तर नशीब, नाहीतर मटणात ओता.

बिनपाण्याचा_लातूरकर

ह्येंच्याकडं मटनात बी दारू वतत्यात 😂

छाटणीवाला

मी जालन्याकडचा, कडवंचीच्या बाजूला बाग आहे, द्राक्षाचं सांगतो, दारूतलं मला काही कळत नाही. पण ही वाईन तीस वर्षं टिकते आन् आपली कामून टिकत नाही हे मला बागेत दिसतं.

आपण काय करतो, वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार करायला, आन् ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळाला. म्हंजे वेल झोपतच नाही. तिकडं हिवाळ्यात वेल पार उघडी पडते, पान नसतं, चार महिने आराम, वर्षात एक पीक, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी, आन् तेव्हा तिकडं थंडी वाढत जाते. आपल्याकडं मणी पिकतो फेब्रुवारी-मार्चात, ऊन रोज वाढत असतं, ब्रिक्स, म्हंजे साखरेचं माप, झराझरा चढतं आन् आंबट पळून जातं. साखर आली म्हणून तोडायला जावं तर आंबट शिल्लक नसतं, आंबट राखावं तर बी आन् साल कच्ची. खायच्या द्राक्षाला हे चालतं, गिऱ्हाईकाला गोडच पाहिजे. तळघर सर म्हणतात तो सांगाडा जर आंबटाचा असंल तर तो आमच्या बागेतच उन्हाने खाल्ला.

दुसरं, आम्ही थॉमसन, सोनाका ह्या खायच्या जाती करतो, जीए (वाढीचं संजीवक) मारून मणी फुगवतो, एक्सपोर्टला १६-१८ मिमी लागतो. वाईनचा मणी बघितला तर हसू येतं, एवढासा, साल जाड, दोन बिया. पण रंग आन् तुरट सगळं सालीत आन् बीत असतं ना, मग मणी जितका बारका तितकी रसाला साल जास्त. आम्ही एकरी दहा-बारा टन काढतो. तिकडं कायद्यानेच उतारा बांधून दिलाय म्हणे, हिशेब केला तर एकरी अडीच-तीन टन पडतो. एवढ्यावर आमचं औषधाचं बिल निघणार नाही.

आन् एक गंमत. आमच्या बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम केलेल्या, दुष्काळ आन् खारट पाणी सोसतं म्हणून. ती खुंटाची जात मूळ अमेरिकेची. फ्रान्सवाल्यांनी पण गेल्याच्या गेल्या शतकात मुळं खाणाऱ्या किड्याने बागा बसल्यावर अमेरिकन खुंटावरच कलम बांधली. म्हंजे एवढं नाव असलेल्या शातोचं पण बुड आमच्यासारखंच परदेशी.

गोदाकाठी

छाटणीवाले, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे. मला एवढी वर्षं वाटायचं आपल्याकडच्या वाईन टिकत नाहीत ते बनवणाऱ्यांच्या घाईमुळे.

तळघर

छाटणीवाल्यांना सलाम. त्यात एकच भर: आंबटपणा कमी म्हणजे पीएच वर, आणि पीएच वर गेला की रंग लवकर उतरतो आणि जंतूंना रान मोकळं. म्हणजे टिकण्याचा निकाल बराचसा तोडणीच्या दिवशी लागतो. अपवाद आहेत, अकलूजची सेट्टे किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह काही वर्षं छान धरून राहतात, पण तीस वर्षांची अपेक्षा ठेवून कोणी ठेवू नका.

शंकासुर

इतका वेळ गप्प होतो. आता विचारतोच. २००१ साली खुद्द बोर्दो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला, आणि त्या पोरांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दात केलं. लाल फळं वगैरे. शिकणाऱ्यांचं हे झालं तर लेबल, साल, मावसभाऊ, टॉर्च, एवढा सगळा सोहळा बघून बसलेल्या चौघांच्या ८४ आणि ९३ ला काय अर्थ आहे? तुम्ही लेबल प्यायलात.

खुलताबादी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठी

शंकासुर, रास्त आहे. पण आम्ही अगदीच सोहळा केला नव्हता, बाजूला सेट्टे पण ठेवली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि ग्लास कोणते कोणाचे ते बायकोने ठरवलं. सेट्टे म्हणजे सांजोवेसे आणि कॅबर्नेचं मिश्रण, चार-पाच वर्षांची. कोणती कुठली हे सगळ्यांनी बरोबर ओळखलं, त्यात काही शौर्य नाही, विटकरी कड दिसतेच. पण एकाला सेट्टेच जास्त आवडली आणि तो अजूनही ठाम आहे. ८४ वाला तोच.

तळघर

शंकासुरांचा प्रयोग खरा आहे आणि मी तो नेहमी सांगतो. पण तो काय सिद्ध करतो ते बघा. नाक डोळ्याचं ऐकतं. म्हणून वासांच्या यादीवर विश्वास कमी ठेवायचा, मी वर तेच म्हणत होतो. रंग मिसळून टॅनिन येत नाही, हिरड्यांना लागणारा तुरटपणा आणि लाळ सुटवणारा आंबटपणा ह्यात फसणं बरंच अवघड आहे. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते तर घड्याळ लावून मोजता येतं.

आणि आंधळी चव घेऊन मोठमोठे पडलेत हे मान्यच. २४ मे १९७६, पॅरिस, फ्रेंच परीक्षक, वर्तमानपत्रात नाही पण लेबल झाकूनच, आणि लालमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३, मूतों १९७० दुसरी. तेव्हा फ्रेंच बाजूने म्हणणं होतं की आमची तरुणपणी कळत नाही, वीस-तीस वर्षं थांबा. बरोबर तीस वर्षांनी, २००६ ला, त्याच वाईन परत लावल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाला, पहिली रिज माँटे बेलो १९७१. म्हणजे "जुनी होऊ द्या मग बघा" हा युक्तिवादसुद्धा झाकलेल्या बाटलीपुढे पडू शकतो. मला स्वतःला जुनी बोर्दो आवडते, पण आवड म्हणजे निकाल नाही.

अन्नपूर्णा_परभणी

तुम्ही सगळे पुरुष मंडळी बाटलीतच अडकलात, सोबत खाल्लं काय ते कोणीच विचारलं नाही. गोदाकाठी, संभाजीनगरात आहात म्हणजे नक्की नान-खलिया आणला असणार. तसं असेल तर तुमचे ८४ आणि ९३ दोन्ही रद्द.

गोदाकाठी

ताई, तुम्हाला कसं कळलं 🙈 पण आधी कोरडीच चाखली, टिपणं काढली, मग जेवलो. ८४ वाल्याने मधेच सुरू केलं होतं बहुतेक.

अन्नपूर्णा_परभणी

मग उत्तर मिळालं की. तिखटाने जीभ पेटली की दोन गोष्टी होतात, अल्कोहोल जास्त जळतं आणि तुरट जास्त तुरट लागतं. फळ दबतं. तरुण रसरशीत वाईन त्यातून थोडी तरी वर येते, म्हातारी येत नाही. साहजिकच त्याला सेट्टे आवडली, खलियाच्या तर्रीपुढे ती उभी राहिली असेल. जुन्या बोर्दोला मी काय दिलं असतं सांगू का, साधं उकडून मग तव्यावर परतलेलं मटण, मीठ आणि थोडे भरडलेले मिरे, बास. मिठाने तुरटपणा मऊ लागतो, मांसाच्या प्रथिनाला टॅनिन चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडत नाही. लसूण जपून. शेंगदाण्याची चटणी दहा फूट लांब ठेवा. मुलगा फ्रान्सला शिकायला होता तेव्हा त्याने तिथल्या लोकांना हौसेने येसरातली आमटी खाऊ घातली आणि वर रेड, त्याचं वर्णन लिहीत नाही.

बिनपाण्याचा_लातूरकर

ताई येसर आमटीसंगं ताकच. त्येच्यात कुटलं बोर्दो घालूलालेत.

तळघर

ताईंचा मुद्दा सोळा आणे. परीक्षा करायची तर कोरडी, साधा पाव आणि पाणी, आणि जेवण नंतर. अजून एक विचारायचं राहिलं, तापमान किती होतं? रूम टेंपरेचरला प्या म्हणतात ते युरोपातल्या दगडी घराचं रूम. आपल्या ३४ अंशाच्या हॉलमध्ये कितीही मोठं शातो सैल आणि दारूसारखं लागतं. १६ ते १८ ला घ्यायची, ग्लासात ती आपोआप चढते.

गोदाकाठी

फ्रीजमधून काढून एसीच्या खोलीत ठेवली होती, पहिले घोट साधारण १७ ला असतील. शेवटी मात्र गरम झाली, लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. आता लक्षात येतंय, ८४ वाला उशिरा आला होता.

शंकासुर

म्हणजे तो गरम वाईन, तिखट तोंड आणि तळाचा ग्लास घेऊन बसला होता. तरीही त्याने ८४ दिले म्हणजे उलट उदार आहे.

खुलताबादी

एक शंका. हे १०० पैकी म्हणजे शून्यापासून शंभर ना? मग ८४ म्हणजे फर्स्ट क्लास की हो.

तळघर

नाही ना. ही पद्धत रॉबर्ट पार्कर ह्या अमेरिकन समीक्षकाने रूढ केली, १९८२ च्या बोर्दोचं त्याने सुरुवातीलाच भरभरून कौतुक केलं आणि मग जग त्याच्या आकड्यांवर चाललं. त्यात ५० मार्क हजेरीचे. मग रंगाला ५, वासाला १५, चव आणि शेवटाला २०, आणि एकूण दर्जा आणि पुढे सुधारण्याच्या शक्यतेला १०. म्हणजे खरी परीक्षा ५० मार्कांची आहे आणि ८४ म्हणजे ५० पैकी ३४. गोदाकाठी, तुमच्या चौघांनी असं फोडून मार्क दिले होते का?

गोदाकाठी

छे. हवेतून आकडा.

तळघर

मग आता फोडून द्या, तुमच्याच टिपणावरून. मी माझ्या अंदाजाने देतो, न पिता, त्यामुळे शंकासुरांनी हसायला हरकत नाही. रंग ४. वास १३, कारण गुंतागुंत आहे आणि दोष नाही. चव आणि शेवट १६, लांबी चांगली पण कोरडा शेवट खातोय. शेवटचे १० मात्र गंमतीचे आहेत. तरुण वाईनला तिथे "पुढे सुधारेल" म्हणून मार्क मिळतात, तुमचीला पुढे काही नाही, ती आत्ता जे आहे तेच. ६ देतो. झाले ८९.

आणि तुमच्या शीर्षकाचं उत्तर त्या १० मध्येच आहे. वयाला ह्यात एकही मार्क ठेवलेला नाही. वय असतं ते वासात, टॅनिनच्या पोतात, आणि तिथे ते एकदा मोजलं की परत "तीस वर्षं टिकली" म्हणून वर द्यायचे नाहीत. ९३ वाल्याने तेच केलंय, एकाच गोष्टीचे दोनदा मार्क.

छाटणीवाला

सिमला मिरचीचा वास गोदाकाठींनी लिहिला तो दोष नाही का? आमच्याकडं द्राक्षात हिरवा वास आला तर व्यापारी भाव पाडतो.

तळघर

चांगला प्रश्न. कॅबर्नेमध्ये पायराझिन नावाचं द्रव्य असतं, सिमला मिरचीतही तेच. मणी पिकत जातो, ऊन लागतं तसं ते कमी होतं. थोडं राहिलं तर कॅबर्नेची ओळख, जास्त राहिलं तर कच्ची तोडलेली. तुमच्या मार्चच्या उन्हात ते उरत नाही, तिकडं उरतं. तीस वर्षांनी फळ ओसरलं की ते पुन्हा उघडं पडतं, आणि "झाक" एवढ्यावर असेल तर मला आवडतं. खरा दोष ओळखायचा तो बुचाचा: ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं संयुग, लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. वाईट हे की थोडं असलं तर वास येतच नाही, फक्त फळ गप्प होतं, आणि लोक म्हणतात वाईन म्हातारी झाली. ग्लासात वाट बघून सुद्धा ते जात नाही, उलट वाढल्यासारखं वाटतं. गोदाकाठींची पाच मिनिटांत उघडली म्हणजे तो प्रश्न नाही.

डोंगरकिन्ही

रविवारपर्यंत थांबवलं नाही. माळ्यावरची काढली. बूच बाहेर आलेलंच होतं अर्धा बोट, वरती चिकट. रंग चहासारखा. वास मनुका आणि थोडा नेलपॉलिश. तोंडात घेतली आणि बेसिनमध्ये. बायको म्हणते एवढी वर्षं ह्याच्यासाठी माझ्या पापडाच्या डब्याला जागा नव्हती. मटणात पण ओतली नाही, तळघर सर, तो सल्ला मागे घ्या.

तळघर

मागे घेतला 🙏 नेलपॉलिश म्हणजे व्हिनेगरकडे निघाली होती. ती ओतायची नाही.

शंकासुर

बरं, एक मान्य करतो, बिघडलेली वाईन सगळ्यांना सारखीच कळते. पण चांगल्यांमध्ये ८९ की ९०, ह्यात मला अजून ज्योतिष दिसतं. आणि जुन्या महागड्या बाटल्यांमध्ये तर खरी-खोटी हेच कळत नाही लोकांना, तो रूडी कुर्नियावान घरी बसून मिश्रणं करून लेबलं चिकटवायचा आणि अमेरिकेतले करोडपती वाहवा करत प्यायचे, २०१३ ला दोषी ठरला, दहा वर्षांची शिक्षा झाली.

तळघर

८९ आणि ९० मध्ये ज्योतिषच आहे, हात जोडून मान्य. ८४ आणि ९३ मध्ये नाही. आणि कुर्नियावानच्या बाटल्या लोकांनी लेबल बघून प्यायल्या, हे तुमच्याच बाजूचं उदाहरण आहे तसं माझ्याही. सां-जुलियाँच्या चौथ्या श्रेणीची नक्कल करण्यात कोणाला फायदा नसतो, तो धोका पहिल्या श्रेणीवाल्यांना.

गोदाकाठी

फोडून मार्क दिले. रंग ४, वास १३, चव-शेवट १५ (कोरडेपणाला मी तळघर सरांपेक्षा एक जास्त कापला, प्यायलोय मी), एकूण ६. झाले ८८. माझ्या ९० मधले दोन मावसभावाच्या प्रेमाचे होते असं धरा. ९३ वाल्याला हा धागा पाठवला, तो म्हणतो ९३ च. ८४ वाल्याने फोडून दिले तर ८६ आले, पण तो म्हणतो सेट्टेला ८७.

मावसभाऊ दिवाळीत येतोय. तळघर सर, आता उजव्या काठावरची मेर्लो आणायला सांगू का, सां-एमिलियों वगैरे, जरा तरुण, पंधराएक वर्षांची?

तळघर

२००९ किंवा २०१० बघा, दोन्ही चांगली सालं. २००९ जास्त मऊ आणि रसाळ, आत्ता लगेच आवडेल अशी. २०१० ला सांगाडा मोठा, अजून थांबवता येईल, पण संभाजीनगरात थांबवणार कुठे. २००९ आणा. आणि चारही ग्लास एकदमच भरा, उशिरा येणाऱ्याची वाट बघू नका.

अन्नपूर्णा_परभणी

आणि नान-खलिया दुसऱ्या दिवशी.

बिनपाण्याचा_लातूरकर

आमाला बी बोलवा, ताक घिऊन येतो.